सुरगाठ की निरगाठ?

मराठी माणसाचा संसार गाठींवर चालतो. आजीच्या पदराच्या टोकाला गाठ असे आणि तीत चार आणे असत. लग्नात शेल्याला आणि शालूला गाठ मारतात. विसरू नये म्हणून मनाशी खूणगाठ बांधतात, आणि फार दिवसांनी कोणी भेटले म्हणजे गाठ पडली म्हणतात. यांतल्या एकाही गाठीची कोणाला भीती वाटत नाही. पण हाच दोन अक्षरांचा शब्द डॉक्टरच्या तोंडून निघाला, की समोरच्या खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडचे पाणी पळते.

मी पुण्यात गेली तीस-बत्तीस वर्षे दवाखाना चालवतो. सर्दी-पडशापासून बाळंतिणीच्या चौकशीपर्यंत सगळे काही पाहणारा, जुन्या पठडीतला घरचा डॉक्टर. पूर्वी माझ्याकडे गळ्याची गाठ घेऊन येणारा माणूस खरोखरच गाठ घेऊन येई. ती मला दारातून दिसे. आता येतो तो कागद घेऊन. गळा पाहावा तर गुळगुळीत, बोटांना काही लागत नाही, गिळायला त्रास नाही, आवाज खणखणीत; आणि कागदावर मात्र इंग्रजीत लिहिलेले असते, की थायरॉइडच्या उजव्या भागात अमुक मिलिमीटरची गाठ आहे. खाली ठरलेले वाक्य: रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. ताडून पाहायला लक्षणच नसते, ही त्यातली गंमत!

हे कागद येतात कुठून? कोणाला चक्कर आली म्हणून मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर केलेला असतो. कोणाचा खोकला हटेना म्हणून छातीचा सी. टी. स्कॅन झालेला असतो. आणि पुष्कळांनी वाढदिवसानिमित्त 'संपूर्ण शरीर तपासणी' नावाचे पाकीट घेतलेले असते. त्यात अमक्यावर तमके मोफत या न्यायाने गळ्याची सोनोग्राफीही होऊन जाते. शोधायला गेलो एक आणि सापडले दुसरेच, असा हा प्रकार.

थायरॉइडला मराठीत अवटू ग्रंथी असे नाव आहे, पण तो शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा आला नाही, तेव्हा थायरॉइडच म्हणू. गळ्याच्या घाटीखाली श्वासनलिकेला पुढून बिलगून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी. वजन पुरते अडीच तोळेही नाही. घोट गिळला की ती वर जाते आणि खाली येते, आणि तिच्यातली गाठही तिच्याबरोबर हलते. गळ्यातली गाठ थायरॉइडची की दुसरी कसली, हे आम्ही पेलाभर पाणी पाजून पाहतो ते यासाठी. आमच्याकडच्या आज्या गलगंड आणि गंडमाळ यांत बहुधा घोटाळा करतात. गंडमाळ म्हणजे मानेच्या कडेने माळेसारख्या उठणाऱ्या गाठी, आणि त्यांचे कारण पुष्कळदा क्षय असते. गलगंड तो थायरॉइडचा. हिमालयाच्या पायथ्याशी गावेच्या गावे गलगंडाची असत, कारण तिथल्या मातीत आयोडीन नाही. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात लोकांना आयोडीनयुक्त मीठ पुरवून तो आजार हटवता येतो हे दाखवले, आणि 1962 मध्ये सरकारने देशभराची योजना आखली. आपल्या डब्यातले मीठ त्या खटाटोपातून आलेले आहे. मात्र हे मीठ रोज खाणाऱ्या माणसालाही वयाबरोबर थायरॉइडमध्ये गाठी होतात. केस पांढरे व्हावेत तितक्या सहजपणे होतात, आणि बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतात.

किती सहजपणे? नुसत्या बोटांनी चाचपले तर शंभरात चार ते सात माणसांत गाठ लागते. तीच माणसे चांगल्या अल्ट्रासाउंड यंत्राखाली घातली, तर निरनिराळ्या पाहण्यांत शंभरात 19 पासून 68 पर्यंत माणसांत ती दिसली आहे. म्हणजे तुमच्या घरी फराळाला दहा मोठी माणसे जमली असतील, तर त्यांतल्या दोघातिघांच्या गळ्यात तरी एखादी गाठ मुक्काम करून असणार. आणि सापडलेल्या गाठींपैकी बहुतेक, शंभरात नव्वदीच्या आसपास, निरुपद्रवी असतात. आपल्या भाषेत सुरगाठी. उरलेल्या निरगाठी शोधून काढायच्या, आणि त्या शोधापायी सुरगाठवाल्यांचे हाल करायचे नाहीत, अशी ही दुहेरी कसरत आहे.

आमच्या ओळखीतले एक आजोबा, वय वर्षे बहात्तर, मधुमेह आणि हृदयाचे दुखणे असलेले. चक्कर आली म्हणून डॉपलर झाला आणि डाव्या बाजूला सहा मिलिमीटरची गाठ निघाली. आजी रिपोर्ट घेऊन तडक माझ्याकडे आल्या. अमेरिकेतल्या मुलाचा फोन आदल्या रात्रीच येऊन गेला होता.

"डॉक्टर, तो म्हणतो काढून टाका. जोखीम कशाला घ्यायची?"

"आजी, तुमच्या डब्यात तूरडाळ आहे ना? अख्खी तूर पाहिलीय?"

"म्हणजे काय! माहेरी शेती होती आमची."

"त्या तुरीच्या दाण्याएवढी ही गाठ आहे. आणि जोखीम गाठीची जास्त की भूल देण्याची, ते यांच्या हृदयाला विचारून सांगतो."

आजोबा मिस्किल. म्हणाले, "हृदयाला कशाला विचारता, ते हिच्या बाजूनं बोलेल."

मुलाला मी दक्षिण कोरियाची गोष्ट कळवली. ती सर्वांनाच माहीत असावी अशी आहे. त्या देशाने 1999 मध्ये कर्करोगाच्या सरकारी तपासण्या सुरू केल्या. थायरॉइड त्या यादीत नव्हता. पण आलाच आहात तर थोडे पैसे भरून गळाही पाहून घ्या, असे दवाखाने सांगू लागले. झाले! गळ्यागळ्यांत कर्करोग सापडू लागला. 2011 साली सापडलेल्यांचे प्रमाण 1993 च्या पंधरापट झाले. एका वर्षात चाळीस हजारांवर माणसे. इतका कर्करोग वेळेवर पकडला म्हटल्यावर त्याने मरणारे कमी व्हायला हवे होते. ते होते तितकेच राहिले, वर्षाला चारशेच्या आत. सापडलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या शंभरात अकराजणांना शरीरातल्या कॅल्शियमचा तोल सांभाळत बसावे लागले आणि दोघांच्या स्वरतंतूला इजा झाली. अखेर 2014 मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितले, की तक्रार नसलेल्यांचे गळे असे पाहत सुटू नका. आणि शस्त्रक्रिया झपाट्याने उतरल्या. 2017 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानेही हाच सल्ला दिला.

मग तो सापडलेला कर्करोग खोटा होता काय? मुळीच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो खरा होता. पण फिनलंडमध्ये 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 101 मृतांच्या थायरॉइडचे बारीक काप करून पाहिले तेव्हा 36 जणांत असे चिमुकले कर्करोग मिळाले. जिवंतपणी त्यांचा कोणाला पत्ताही नव्हता. जपानमध्ये कोबे येथील कुमा रुग्णालयातल्या डॉ. मियाउची यांनी 1993 मध्ये धीटपणे सुचवले, की एक सेंटिमीटरच्या आतला, शेजारी न पसरलेला असा कर्करोग कापण्याऐवजी त्याच्यावर नजर ठेवावी. बाराशे पस्तीस रुग्णांवर त्यांनी नजर ठेवली. दहा वर्षांत शंभरात आठजणांचीच गाठ तीन मिलिमीटर वा अधिक वाढली, चारांपेक्षा कमी जणांत मानेच्या रसग्रंथीत पसरली, आणि या रोगाने एकही दगावला नाही. ज्यांची वाढली त्यांच्यावर तेव्हा शस्त्रक्रिया केली. माझ्या मते वैद्यकातल्या गेल्या पन्नास वर्षांतल्या शहाणपणाच्या निर्णयांत हा एक आहे. काही न करण्यासाठी डॉक्टरला फार धैर्य लागते हो!

आता तुमच्या हातातला रिपोर्ट वाचू. बायाबापड्यांना त्यातला सेंटिमीटरचा आकडा तेवढा समजतो आणि मोठी गाठ वाईट, लहान चांगली असा हिशेब करून त्या मोकळ्या होतात. हा हिशेब कच्चा आहे. आकारापेक्षा रूप महत्त्वाचे. गाठ नुसती पाण्याने भरलेली असेल तर निर्धास्त असावे. आतून अनारशासारखी जाळी पडलेली असेल तरीही निर्धास्त. पडद्यावर आजूबाजूच्या ग्रंथीइतकीच उजळ असेल तर चिंता थोडी. पण ती भरीव आणि काळसर दिसत असेल, कडा दातेरी असतील, आत खसखशीसारखे पांढरे बारीक कण असतील, तर कान टवकारायचे. आणखी एक खूण आमच्या सोनोग्राफीवाल्या मित्राने मला शिकवली: आडव्या छेदात गाठ रुंदीपेक्षा उंच, म्हणजे पुढून मागे जास्त, असेल तर ती संशयास्पद. साधी गाठ ग्रंथीच्या ठेवणीप्रमाणे आडवी पसरते. वाईट गाठ ठेवण मोडून उभी वाढते. आडवी बरी, उभी वाईट, असे मी लक्षात ठेवले आहे. अनारशाची जाळी चांगली आणि त्यावरची खसखस वाईट, हेही दिवाळीच्या दिवसांत विसरायचे नाही.

या खुणांना गुण देऊन बेरीज करतात आणि तिला टिरॅड्स म्हणतात. परीक्षेत जास्त गुण चांगले, इथे उलटे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने 2017 मध्ये बसवलेली पद्धत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी चालते. तिच्यात पहिल्या दोन वर्गांना सुई लावायची नाही, गाठ कितीही मोठी असो. तिसऱ्या वर्गाची अडीच सेंटिमीटरची झाली, चौथ्याची दीडची आणि पाचव्याची एकची, तर सुई. आजोबांची गाठ चौथ्या वर्गातली, पण एक सेंटिमीटरच्याही आतली. तिला सुई नाही आणि फेरतपासणीही नाही. आजींना हे पटायला तीन खेपा लागल्या.

एक तपासणी मात्र यंत्राआधी किंवा निदान बरोबरीने व्हायला हवी, ती रक्तातल्या टी. एस. एच. ची. हा आकडा नेहमीपेक्षा खाली असेल तर गाठ स्वतःच हार्मोन बनवत असण्याचा संभव असतो. तेव्हा किरणोत्सर्गी द्रव्याचा स्कॅन करतात, आणि त्यात गाठ 'गरम' निघाली तर ती कर्करोगाची असणे फार विरळा. तिचा उपाय वेगळा. याउलट, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये थायरॉइडचा एखादाच ठिपका उजळला तर दुर्लक्ष करू नये. तिथे तिघांत एकाला कर्करोग असू शकतो. लहानपणी मानेला किरणोपचार झालेले असणे, घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग झालेला असणे, गाठ भराभर वाढणे, आवाज बसून न उघडणे, मानेत दुसऱ्या कडक गाठी लागणे, यांपैकी काही असेल तर गुणांची बेरीज बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. आमच्या पेठेतल्या एका दुकानदारांनी आवाज बसला तो गिऱ्हाइकांशी बोलून बसला असे म्हणत चार महिने ज्येष्ठमध चघळला. गाठ दगडासारखी होती. शस्त्रक्रिया झाली, मग किरणोत्सर्गी आयोडीन घेऊन काही दिवस एकट्याने खोलीत काढावे लागले. आज ते गल्ल्यावर बसतात. आवाज पूर्वीचा नाही.

सुई म्हटली की दुसरी भीती उभी राहते. "गाठीला डिवचलं की ती पसरते." हे वाक्य मी प्रत्येक मजल्यावरच्या प्रत्येक घरात ऐकले आहे. थायरॉइडच्या बाबतीत तसे होणे अगदी अपवादात्मक. रक्त काढायच्या सुईहूनही बारीक अशी ही सुई, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गाठीत घालतात आणि काही पेशी ओढून काचेवर पसरतात. दहा-पंधरा मिनिटांचे काम, भूल नाही, मुक्काम नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेवढे आधी सांगावे.

काचेवरच्या पेशींचे सहा वर्ग करतात. अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी 2007 साली भरलेल्या परिषदेत ते ठरले म्हणून त्यांना बेथेस्डाचे वर्ग म्हणतात. पहिला म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, सुई पुन्हा. दुसरा निरुपद्रवी, त्यात कर्करोग निघतो तो शंभरात तीन-चारांना. सहावा म्हणजे कर्करोगच, शंभरात सत्त्याण्णवांना. पाचव्यात चौघांत तिघांना. गोची आहे ती तिसऱ्या आणि चौथ्या वर्गांत. तिसऱ्यात पाचांत एकाला, चौथ्यात दहांत तिघांना. इथे डॉक्टर आणि रोगी दोघेही अंधारात चाचपडतात.

माझ्या दवाखान्यात लहानाची मोठी झालेली एक मुलगी, वय सव्वीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका. केस गळतात म्हणून तपासण्या झाल्या, टी. एस. एच. नीट निघाला, सोनोग्राफीत मात्र 18 मिलिमीटरची गाठ, चौथ्या वर्गाची. सुई लावली; बेथेस्डाचाही चौथाच वर्ग आला. या वर्गातल्या पेशींवरून चांगले-वाईट ठरत नाही. गाठीभोवतीचे आवरण पेशींनी फोडले आहे की नाही, यावर सगळे अवलंबून. आणि आवरण सुईत येत नाही. अख्खी गाठ काढून पाहावी लागते. नेमके तेव्हाच तिचे लग्न ठरत आले होते.

आई एकटीच आली. "डॉक्टर, दिवाळीनंतर सुपारी फोडायचीय. आत्ता पोरीच्या गळ्याला सुरी नको. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. त्यांना काही सांगायलाच नको."

मी म्हटले, "वहिनी, दोन-तीन महिने थांबल्यानं गाठीचं बहुधा काही बिघडत नाही. पण लपवायचं की सांगायचं, ते तिला ठरवू द्या."

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. तिला टाक्यांची काळजी नव्हती. "काका, माझा आवाज जाईल का? चाळीस पोरं असतात समोर."

प्रश्न योग्य होता. स्वरतंतूंना जाणारी नस थायरॉइडच्या अगदी मागून जाते. तिच्याच शेजारी मसुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, कॅल्शियम सांभाळणाऱ्या. (या ग्रंथी प्रथम पाहिल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये मेलेल्या एका भारतीय गेंड्यात, रिचर्ड ओवेन यांनी. माणसात त्या सापडल्या 1880 मध्ये, स्वीडनच्या सँडस्ट्रम यांना. आपल्या गेंड्याचा मान मोठा!) स्वित्झर्लंडच्या कोखर यांनी ही शस्त्रक्रिया इतकी निर्धोक केली, की त्यांना 1909 चे नोबेल मिळाले. पण त्यांनीच 1883 मध्ये जगाला सांगितले होते, की सगळी ग्रंथी काढलेली काही माणसे पुढे सुजली, मंदावली. तेव्हा थायरॉक्सिनची गोळी नव्हती. आता ती आहे. सगळी ग्रंथी काढली तर ती जन्मभर, सकाळी अनशापोटी, चहाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते. आमच्या लोकांना गोळीपेक्षा चहा लांबल्याचे दुःख अधिक होते. तिची मात्र अर्धीच ग्रंथी काढायची होती. पुष्कळांना मग गोळी लागत नाही, आणि नसही एकाच बाजूची धोक्यात येते. जाणत्या हातात कायमची इजा क्वचित होते. कधीच होत नाही असे मी तिला सांगितले नाही.

मुलाला तिने स्वतः फोन केला. तीन आठवडे उत्तर आले नाही, मग मध्यस्थाकरवी निरोप आला, की पत्रिकेत काहीसे अडते आहे. आईने माझ्या दवाखान्यात बसून डोळे पुसले. मुलगी मात्र शाळेची सहामाही परीक्षा उरकून शस्त्रक्रियेला गेली. आवरण शाबूत निघाले. साधी गाठ, कर्करोग नाही.

"मग उगीचच कापली म्हणायची," आई म्हणाली.

तिच्या जागी मीही तेच म्हटले असते. पण कापल्याशिवाय कळले नसते, आणि कळल्याशिवाय झोप लागली नसती. परदेशांत अशा गाठींतल्या पेशींची जनुके तपासून काही शस्त्रक्रिया टाळतात. आपल्याकडे ती तपासणी महाग आहे आणि सर्रास मिळत नाही. शिवाय नावे बदलतात ती वेगळीच. 2016 मध्ये तज्ज्ञांनी आवरणाच्या आत राहणाऱ्या एका प्रकाराच्या नावातला 'कर्करोग' हा शब्दच काढून टाकला, कारण तो कर्करोगासारखा वागत नव्हता. आदल्या वर्षी ज्यांना कर्करोग म्हणून सांगितले गेले, त्यांच्या झोपेचा हिशेब कोणी द्यावा?

ती मुलगी आज चौथीला शिकवते. तिचा आवाज शाळेच्या फाटकाबाहेर ऐकू येतो.

ज्यांच्या गाठीवर नुसती नजर ठेवायची आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. पाचव्या वर्गाची गाठ अर्धा सेंटिमीटर वा मोठी असेल, तर पाच वर्षांपर्यंत दरवर्षी सोनोग्राफी. चौथ्याची एक सेंटिमीटरपासून पुढची असेल तर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. तिसऱ्याची दीडपासून पुढे, तर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. गाठ विरघळावी म्हणून थायरॉक्सिन घेण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. दर तीन महिन्यांनी हौसेने तपासणी करून घेऊ नका, कारण दोन माणसांच्या मोजणीत एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक पडतोच. निदान दोन बाजूंनी वीस टक्के आणि किमान दोन मिलिमीटर वाढली, तरच ती वाढली म्हणतात. आणि जाताना जुना रिपोर्ट बरोबर न्या, शक्य तर त्याच ठिकाणी जा. आमच्या आजी तो लाकडी देव्हाऱ्याखालच्या खणात, आजोबांच्या पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवतात.